महिपतींचा घाईचा हात

वडगाव निंबाळकरच्या गोठ्यांवर महिपतींना सगळे डॉक्टर म्हणतात. कॉलेजची पायरी मात्र त्यांना लेकीमुळे चढायला मिळाली. तीस वर्षं ते गाई भरवतात, म्हणजे कृत्रिम रेतन करतात. गोठवलेल्या रेताची कांडी द्रव नायट्रोजनच्या कॅनबाहेर जरा जास्त राहिली की कामातून गेलीच, त्यामुळे त्यांच्या हाताला सावकाश हा शब्दच ठाऊक नाही. बारामतीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन वेळेवर येईना, तेव्हा हेच गृहस्थ आपला जादा कॅन मोटारसायकलला बांधून लेकीच्या, प्रगतीच्या, मदतीला गेले, आणि तिथंच घोळ झाला.

प्रगतीकडे सिरियम आणि पॅलेडियमचा तांदळाएवढा तुकडा होता. साधा धातू थंड केला की त्यातून वीज सहज जाते. या तुकड्यात मात्र सिरियमचे इलेक्ट्रॉन वाटेत आडवे येतात, विजेला होणारा विरोध वाढत जातो. मग उणे एकशेचाळीस अंशांच्या आसपास तेच इलेक्ट्रॉन एकमेकांशी जुळवून घेतात आणि विरोध उतरू लागतो. हे उतरणं दाखवण्यात तिची पीएच.डी.ची सहा वर्षं गेली होती. पण महिपतींनी तुकडा कांडीसारखा झटकन नायट्रोजनमध्ये सोडला. तुकडा इतका भरकन थंड झाला की तापमापी मागे पडली, थंड होतानाचे आणि तापतानाचे आकडे जुळेनात. परीक्षकांनी लिहिलं, उतार खरा वाटत नाही. पुन्हा मोजा, नाहीतर प्रबंध परत.

आज पुन्हा मोजायचं होतं. महिपती दोरा धरून तुकडा नायट्रोजनच्या वाफेत पेरापेराने सोडत होते. दोन तास झाले, तळहात ओला झाला होता. विरोध वाढतच चालला होता. उणे एकशेवीस. उणे एकशेतीस. उतरलाच नाही तर? पोरीच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर होईना.

"पोरी, मागच्या टायमाला तुकडा मीच गडबडीनं सोडला. सांगायचं धाडस झालं न्हाय."

"ठाव हाय मला, तात्या. मी बघितलं हुतं."

"मग परीक्षकाला काय कळवलंस?"

"माझ्याच हातनं झालं, असं." तिची नजर आकड्यांवरून हलली नाही. "दोरा धरा नीट."

महिपतींना एकदम भरून आलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. उणे एकशेचाळीस. विरोधाचा आकडा जागीच थांबला. महिपतींनी दोरा आणखी पेरभर सोडला. उणे एकशेपन्नासला विरोध घसरला, मग आणखी घसरला.

"उतरला!" महिपती ओरडले.

"अजून न्हाय. वर घेताना आकडे जुळले तरच खरं."

त्यांनी दोरा वर घ्यायला सुरुवात केली. वर घेताना आणखी दोन तास गेले. प्रगतीने तापतानाच्या आकड्यांची रेघ थंड होतानाच्या रेघेवर ठेवून पाहिली. रेघ एकच दिसत होती. मग तिने वही उघडली आणि प्रयोग करणाऱ्यांच्या जागी आपल्या नावाआधी तात्यांचं नाव लिहिलं, महिपती.