मशीनचा खाऊ

आमच्या ताइनानच्या कारखान्यात श्यू-ल्वान मावशीशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती. भट्टीचा मोठा प्रेस तिचा. लोखंड, प्लॅटिनम आणि कार्बनची भुकटी त्यात तापवून दाबली की ताटाएवढी चकती निघते. पुढे त्याच मालाचा अगदी पातळ थर हार्ड डिस्कवर चढवतात. तो थर लेसरने क्षणभर तापवला तरच त्यावर माहिती लिहिता येते. "तापल्याशिवाय काही शिरत नाही, अगदी मावशीसारखं," असं मी शेजारच्या लेथवरून म्हणायचे, तिला ऐकू जाईल अशा बेताने.

आमच्या तैवानमध्ये रीतच आहे, मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून तिच्यावर खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांची पुडी ठेवायची. पुडी मशीनच्या चालू दिव्यासारखी हिरवीच हवी, मुदतीतली हवी, आणि ती कोणी फोडायची नाही. एकदा वादळाच्या दिवशी कॅन्टीन बंद होतं. मावशीची साखर उतरली. तिने पुडी फोडली आणि सगळी फस्त केली. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर चकतीचे दोन तुकडे.

जपानी गिऱ्हाईक आणखी एकच नमुना बघणार होतं. तोही तडकला तर ऑर्डर जाणार, प्रेस बंद होणार आणि मावशी पॅकिंगला.  शेवटी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मशीनचा खाऊ मी खाल्ला. काय बोलायचं ते बोला."

आमचा इंजिनिअर को म्हणाला, "मावशी, कार्बनच्या गुठळ्या राहिल्या होत्या. भुकटी मी मिसळली, चूक माझी. तू खाल्लंस त्याचं मशीनला काही नाही."

मला वाटलं, सुटली बिचारी. पण ती भडकलीच. "काही नाही म्हणजे? इतकी वर्षं हिचं सगळं केलं, आणि मी हिच्या तोंडचा घास काढला तर हिला पत्ताच नाही?"

कोने भुकटी नव्याने मिसळून आणली. मावशीने नवी पुडी ठेवली, हात जोडून मशीनची माफी मागितली. तोवर को बटणापाशी थांबला होता.

"मुदत बघितलीस ना?" त्याने हळूच विचारलं.

"तू गुठळ्या बघितल्यास ना?"

कोने बटण दाबलं, आणि भट्टी निवेपर्यंत दोघं तिथंच थांबली. उघडली तर चकती अखंड. मावशीने तिला टिचकी मारली, कान लावून खणखणीत नाद ऐकला आणि तिला रडूच फुटलं. मलाही आवरेना.

"गिऱ्हाइकाला काय सांगू?" को म्हणाला. "भुकटीमुळे जमलं की पुडीमुळे?"

मावशीने डोळे पुसले आणि मशीनवर हात ठेवला. "सांग, आपण तिघांनी केलं."