पानशेतला निघालो, डोणज्याला थांबलो: एका झिजलेल्या बुशची गोष्ट

धायरीहून पानशेतला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, हे मी या ब्लॉगवर पूर्वीही लिहिलंय. यावेळी त्यात एक वाक्य वाढवते. निघण्याआधी, गाडी बंद असताना, खाली वाका आणि अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. ते खुळखुळलं तर घरीच बसून पोहे खा. आम्ही यातलं काहीच केलं नाही. पानशेतलाही पोचलो नाही, तेव्हा कृपया धरणाचे फोटो मागू नका.

झालं असं की मे महिन्यात आम्हाला गुहागरला जायचं होतं. आम्ही म्हणजे मी, आई आणि माझे वडील, अप्पा. गाडी अप्पांची आणि चालवणारही अप्पाच. जुनी पेट्रोल गाडी, पण एक ओरखडा नाही. घाट उतरण्याआधी गाडीची एक चाचणी घ्यावी म्हणून एप्रिलमधल्या एका रविवारी पानशेतला जाऊन यायचं ठरलं. मी खराडीहून आदल्या दिवशीच धायरीला आईकडे जाऊन राहिले. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण अप्पांच्या गाडीत मी कायम डावीकडे. "तू बस, बघ, शीक," असं ते मी कॉलेजात असल्यापासून म्हणताहेत.

अप्पांची ओळख करून द्यायला हवी. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात गेली. तयार झालेला पार्ट मोजायचा, बरोबर असला तर पुढे पाठवायचा, चुकला असला तर त्यावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे बाद, त्यावर अपील नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी दुकानातून लाल नेलपॉलिशची बाटली आणली. आईने आयुष्यात नखं रंगवलेली नाहीत, त्यामुळे घरात पहिल्यांदा फार उत्सुकता पसरली होती. मग कान तुटलेल्या कपावर ठिपका आला, काडी मोडलेल्या छत्रीवर आला, शॉक देणाऱ्या इस्त्रीवर आला. "माझ्यावर कधी लावताय?" असं आई दर दिवाळीच्या साफसफाईला विचारते. "मापात आहेस अजून," असं अप्पा म्हणतात.

तर लवकर निघायचं होतं, पण आईची पूजा आणि अप्पांचं हवा-पाणी-ऑइल बघणं यात दहा वाजून गेले. धायरी फाट्यावर नेहमीची वाहतुकीची कोंडी होतीच. नांदेड फाटा, किरकटवाडी करत खडकवासल्याला पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. एप्रिलमध्ये धरणाचं पाणी बरंच आत सरकलेलं असतं आणि काठाला भेगा पडलेला गाळ दिसतो, तेव्हा समुद्रासारखं दृश्य वगैरे मनात धरून जाऊ नका. चौपाटीवर मात्र सगळं मिळतं. कैरी तिखटमीठ लावून खा, कणीस घ्या, भजी टाळलीत तर पुढे बरं पडेल.

इथे एक प्रसंग घडला, ज्यावर आम्ही पोट धरून हसलो. कणीस घेऊन अप्पा गाडीकडे निघाले होते आणि मागून कणीसवाली ओरडली.

"अवो आजोबा! चप्पल ऱ्हायली की तुमची!"

आम्ही वळून पाहिलं. अप्पांच्या डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय मोकळा. उजवी चप्पल तिच्या गाड्यापाशी पडलेली. डांबर इतकं तापलं होतं की मी चपला घालूनही सावली शोधत चालत होते. अप्पांनी खाली पाहिलं, क्षणभर नुसतं पाहतच राहिले आणि मग म्हणाले, "मुद्दाम काढली. माणसाने अधूनमधून अनवाणी चालावं."

"येकाच पायानं?" कणीसवालीने विचारलं.

"उद्या पँट राहील," आई म्हणाली. सगळ्यात जास्त मीच हसले. मी तेव्हा फोनवर व्हिडिओ काढत होते, तो अजून फोनमध्ये आहे आणि मला तो उघडवत नाही.

चौपाटीच्या पुढचा रस्ता सुंदर आहे, पाणी सोबतीला असतं. गोऱ्हे मागे पडलं. डोणजे फाट्याला डावीकडे सिंहगड, सरळ पानशेत. फाट्याच्या अलीकडे वस्ती लागते. तिथे एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. चांगलं दुरून दिसत होती. अप्पा वेग कमी करतील म्हणून मी निवांत होते. वेग कमी झालाच नाही. उलट इंजिनाचा आवाज चढला.

"अप्पा!"

"पाय काढलाय!" अप्पा ओरडले. "पाय काढलाय मी!"

ब्रेक लागला होता, तरी गाडी ओढ घेत होती. ती बाई रस्त्याच्या मधोमध थांबून आमच्याकडे बघत होती. मी गिअरवर हात मारला आणि दांडी न्यूट्रलला ओढली. इंजिन नुसतं किंचाळलं आणि गाडी थांबली. त्या बाईने एक हात लांब केला तर बॉनेटला लागला. खरंच लागला. तो हात बॉनेटवर ठेवून ती उभी राहिली. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"दारू पिऊन आलाय व्हय रं म्हाताऱ्या?" ती म्हणाली. ज्यांनी खोकल्याचं औषधही वास घेऊन परत केलेलं आहे, त्या अप्पांनी हात जोडले. ती भारा सावरत निघून गेली आणि आम्ही गाडी ढकलून एका चिंचेखाली लावली. आई मागच्या सीटवर अजून देवाचा जप करत होती.

पहिला संशय अर्थातच पायाखालच्या मॅटवर. आमच्या गाडीत एकावर एक दोन मॅट आहेत, आणि खालच्या मॅटचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, खराब होईल म्हणून. सगळं उपसून बाहेर टाकलं. मग मी फोनचा टॉर्च लावून आत डोकं घातलं आणि पेडल हाताने दाबून सोडलं. ते अर्ध्यावर अडकून राहिलं. कडेने ढकललं तेव्हा ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. याच पेडलवर आम्ही घाट उतरणार होतो.

धायरीतल्या गॅरेजवाल्या संतोषला फोन केला. रविवार असूनही तो बाइकवर आला, हे पुण्यात आवर्जून नोंदवण्यासारखं. त्याने पेडलपासून केबल सोडवली आणि ती हाताने ओढून पाहिली.

"केबल बरी हाय. पेडलच अडकतंय, काका."

मग क्लिप काढली, पिन उपसली आणि दोन छोट्या प्लॅस्टिकच्या बांगड्या बाहेर काढल्या. यांना बुश म्हणतात. पेडल ज्या पिनेवर झुलतं तिच्या दोन्ही टोकांना हे असतात. ते झिजले की पेडल तिरकं होतं आणि कुठेतरी घासून अडकतं.

"बुश ग्येलाय बघा," संतोष म्हणाला.

"कुठल्या बाजूने गेलाय?" अप्पांनी विचारलं.

"ग्येला म्हंजी ग्येला, काका. बाजू काय बघायची त्यात?"

नुसता बुश मिळत नाही, अख्खं पेडल घ्यावं लागतं, आणि रविवारी तेही नाही. पण धायरीत संतोषच्या मेहुण्याचा लेथ आहे. तिथे नायलॉनच्या दांड्यातून बुश कातून मिळेल, असं तो म्हणाला. खर्च दोनशे-तीनशेच्या आत. नमुन्याला एक बुश आणि पिन घेऊन तो गेला. दुसरा बुश अप्पांनी ठेवून घेतला.

चिंचेच्या पलीकडेच एक पत्र्याची शेड घातलेलं हॉटेल होतं. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. पिठलं झणझणीत, दही उत्तम, बसायला सतरंजी. कधी गेलात तर जरूर थांबा, आम्हाला मात्र तिथलं जेवण गेलं नाही.

अप्पांनी भाकरीला हात लावला नाही. तो बुश त्यांनी रुमालाने पुसला, उजेडात धरला, बोटांत फिरवला. शेवटी ताटाशेजारी ठेवला.

"हा वयाने झिजलेला नाही," ते म्हणाले. "वयाने झिजला असता तर सगळीकडून सारखा झिजला असता. ही सगळी झीज एका अंगाला आहे. पेडल कुणीतरी रोज आडवं ढकलतंय."

"कोण ढकलतंय?" आईने विचारलं.

"गाडी कोण चालवतं?"

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण त्यांचा आवाज कारखान्यातला होता, रिपोर्ट देतानाचा.

"उजवा पाय घोट्याखाली कळत नाही मला," ते म्हणाले. "डावा थोडा कळतो. पाय ब्रेकवर आहे की अ‍ॅक्सिलरेटरवर, ते समजत नाही. म्हणून पाय आडवा नेतो आणि पेडलच्या कडेवर आपटतो. धक्का गुडघ्याला लागतो. गुडघ्याला लागला की समजायचं, पेडल आलं. मग दाबायचं."

आईच्या हातातला घास हातातच राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल. थोडं जास्तच."

वर्षभर. वर्षभर मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून गाणी बदलत होते. ते आईला मंडईत नेत होते, शेजारच्या मुलींना शाळेत सोडत होते, मला स्टेशनला आणायला येत होते, आणि रस्ता गुडघ्याने चाचपत होते. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. मी सतरंजीवर पसरलेल्या त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला आणि जोरात दाबला. अप्पा बुशकडे बघत राहिले. मी आणखी जोरात दाबला. त्यांनी मान वर केली ती आई हुंदका दाबत होती म्हणून, माझ्यामुळे नाही. तळवा वळवून पाहिला तर सकाळच्या डांबराने टाचेपाशी पैशाएवढा फोड आला होता. त्या फोडासकट त्यांनी गाडी चालवली होती आणि ढकललीही होती.

"अहो, एका शब्दाने सांगायचंत," आई म्हणाली.

"सांगितलं असतं तर किल्ली गेली असती."

मग मी तो प्रश्न विचारला. विचारायला नको होता असं अजून वाटतं. "अप्पा, ती बाई समोर होती तेव्हा तुम्ही पाय काढला होता ना? पेडल अडकलं म्हणूनच झालं ना?"

त्यांनी ताटाशेजारचा बुश उचलून पुन्हा उजेडात धरला.

"पेडल अडकतं हे खरं आहे. तू हाताने बघितलंस," ते म्हणाले. "पण मी पाय काढला असं मला वाटलं. काढला होता की नाही, ते मला माहीत नाही."

हॉटेलवाला दही हवं का विचारून गेला.

दुपार कलल्यावर संतोष आला. पांढरेशुभ्र नायलॉनचे बुश, त्यात पिन घट्ट आणि तरी हलकी फिरत होती. अप्पांनी दोन्ही बुश हातात घेऊन पाहिले आणि मान डोलावली. त्याने पिन बसवली, क्लिप लावली, केबल अडकवली. मी पेडल दाबून सोडलं. ते टपकन वर आलं. डावी-उजवीकडे ढकललं तर जागचं हललं नाही. संतोषने चावी अप्पांपुढे धरली. "घ्या काका, येक चक्कर मारून बघा."

"तिला दे," अप्पा म्हणाले आणि गाडीला वळसा घालून डावीकडे जाऊन बसले. संतोषला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र त्या गाडीत पहिल्यांदाच उजवीकडे बसले.

पानशेत सोडून दिलं आणि गाडी उलटी वळवली. डोणजे ते धायरी माझ्याकडून गाडी दोनदा बंद पडली, एकदा तर खडकवासल्याच्या गर्दीत मधोमध. मागच्यांनी हॉर्न वाजवले. एरवी दुसऱ्या कुणी गाडी चालवताना गिअर टाकायच्या आत "उशीर झाला" म्हणणारे अप्पा एक शब्दही बोलले नाहीत. ते समोर रस्त्याकडे बघत होते आणि त्यांचा उजवा पाय आपोआप आडवा सरकत होता, तिथे नसलेल्या पेडलच्या दिशेने.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. साखर बरीच वर्षं वर राहिल्याने पायांच्या नसा गेल्यात. जे गेलं ते पुरतं परत येणं अवघड, आता उरलेलं जपायचं. रोज रात्री तळवे आरशात बघायचे आणि मागे पट्टा असलेल्या सँडल घालायच्या. मग डॉक्टरांनी घसा साफ केला. "आणि हे बघा आजोबा, गाडीचं म्हणाल तर..."

"ते झालंय," अप्पा म्हणाले.

काय झालंय ते मला पुढच्या शनिवारी कळलं. धायरीच्या घरी दारामागे खिळा आहे, त्यावर गाडीच्या दोन्ही किल्ल्या असतात. एक अप्पांची, वापरून गुळगुळीत झालेली. दुसरी जादा, गाडी घेतली तेव्हापासून जवळपास नवी. अप्पांच्या किल्लीच्या काळ्या डोक्यावर लाल ठिपका होता. चांगला ठसठशीत, वाळलेला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

टीव्हीशेजारी तो जुना बुश ठेवलेला होता, घासून स्वच्छ केलेला. मी उलटासुलटा करून पाहिला. त्यावर ठिपका नव्हता.

"अप्पा, हा बाद झालाय ना? याला नाही लावलात?"

"त्याला कशाला?" पेपरमधून डोकं न काढता अप्पा म्हणाले. "त्याचा काय दोष? आडवा जोर येत होता. झेपलं तेवढे दिवस त्याने धरून ठेवलं." मग पान उलटत त्यांनी विचारलं, "गुहागरला कधी निघायचं म्हणालीस?"

मी दुसरी किल्ली घेतली आणि खाली गेले. गाडीत बसण्याआधी वाकून पेडल डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. ते हललं नाही. मग मी सीट माझ्या उंचीला पुढे ओढून घेतली.