अंबाडीची जुडी आणि गांजाचा वाद

आमच्या ग्रुपमध्ये कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. लाडू आले की परत जाताना त्यात चिवडा जातो. किश्श्यांचंही तसंच झालंय. एकाने एक सांगितला की दुसरा त्यात आपला घालून परत करतो, आणि दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर घरात सामान कमी आणि किस्से जास्त अशी अवस्था होते. नुसत्या गांजावरच आमच्याकडे इतके किस्से आहेत की ऐकणाऱ्याला वाटावं, ही मंडळी रविवारी जमून करतात तरी काय!

करत काही नाही. मी एका मंत्रालयात नोकरी करते. माझ्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर चार मराठी माणसं उन्हात बसून पोहे खातात आणि वाद घालतात. बस्स. पण या माणसांनी मला जगवलंय, हे आधीच सांगून टाकते.

*

विनय मूळचा पुण्याचा, गुरुग्रामला आयटीत. जोगळेकर काका कायदा खात्यातून निवृत्त झालेले. एकदा काकांनी त्याला कायदा समजावला. या झाडाचं नुसतं पान म्हणजे भांग. ती काही राज्यांत सरकारी परवान्याच्या दुकानात उघड मिळते. त्याच झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. तो खिशात सापडला की थेट आत.

विनय म्हणाला, "म्हणजे काका, एकाच झाडावर खाली सरकार आणि वर आरोपी!"

काका म्हणाले, "तू आयटीत फुकट गेलास."

*

हाच विनय एकदा परदेशी क्लायंटला घेऊन मानेसरच्या फॅक्टरीत गेला होता. त्या साहेबाच्या देशात गांजा कायद्याने मिळतो, टॅक्ससकट, चांगला महाग. फॅक्टरीच्या भिंतीलगत तेच झाड कमरेएवढं माजलेलं बघून साहेब हरखला. "फोटो! फोटो!" करत झाडाला खेटून उभाच राहिला.

गेटवरच्या गार्डला काही कळेना. तो विनयला म्हणाला, "सर, साहब को पसंद है तो सारा उखड़वा के गाड़ी में रखवा दूँ? वैसे भी सफ़ाई करवानी थी!"

विनयने साहेबाला याचं भाषांतर सांगितलं नाही. डील जायचं, म्हणाला.

*

आता आमच्या घरचा पराक्रम. सासूबाई लातूरहून आल्या होत्या. दिल्लीत अंबाडी मिळत नाही हे त्यांना कित्येक वर्षांचं दुःख. एका रविवारी सकाळी फिरायला गेल्या त्या पदर भरून जुडीच घेऊन आल्या. "मेधा, तुम्ही लोक आंधळे आहात! त्या नाल्याकाठी अंबाडीचं रान माजलंय, आणि तुम्ही पालक खात बसता!"

पान तसंच हातासारखं कातरलेलं. त्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि माझा वास घ्यायचा आळस. लसूण सोललेला, कण्या भिजत घातलेल्या. पेपर पसरून आम्ही दोघी निवडायला बसलो. तेवढ्यात काका पोह्यांसाठी आले, दारातच थांबले आणि ओरडले, "वहिनी, हात लावू नका! मेधा, दार लाव!"

मग त्यांनी दोन्ही हात मागे बांधून त्या ढिगाची पाहणी केली. "पानं ठीक आहेत. पण हे शेंडे फुलोऱ्यासकट आहेत. शेंडे गुन्हा आहेत!"

सासूबाई बिलकुल डगमगल्या नाहीत. "आमच्याकडे शेंडेच कोवळे म्हणून आधी घालतात!"

मी केंद्र सरकारची नोकर, सरकारी क्वार्टर, सरकारी ओट्यावर किलोभर माल! आम्ही तो पाण्यात भिजवून, कुसकरून कचऱ्यात घातला. सासूबाई मात्र लातूरला जाईपर्यंत म्हणत होत्या, "अंबाडीच होती. जोगळेकरांना मराठवाड्यातलं काय कळतं!"

*

हे सगळं हसण्यावारी होतं, आणि मग मला कॅन्सर झाला.

केमोत पोटात पाणी ठरेना. विनय हा रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला थांबणारा माणूस. तो एक दिवस येऊन खाली बघत म्हणाला, "मेधाताई, अमेरिकेतली माझी कलीग सांगते, तिच्या आईला गांजाच्या औषधाने आराम पडला. तुम्ही फक्त हो म्हणा. मी कुठूनही आणतो." मी हो म्हणणारच होते. मी तेव्हा कशालाही हो म्हटलं असतं.

आमची चौथी, नाझनीन, सोलापूरची. इथे हॉस्पिटलात वेदनांवर उपचार करते. ती माझ्या पायाशी बसली होती. म्हणाली, "काहींना उपयोग होतो, मी खोटं सांगणार नाही. पण त्या पुडीत काय आहे, किती आहे, मला ठाऊक नाही. ज्याचा डोस मला माहीत नाही, ते मी माझ्या मैत्रिणीला देऊ? आधी माझ्याकडची औषधं संपू देत." तिने औषधं बदलली, पुन्हा बदलली, आणि एकाने गुण आला. तरी मला वाटायचं, कायद्याने बाटली मिळत असती तर हिला डोस वाचता तरी आला असता.

काकाही तिथेच होते, ते मध्येच उठून घरी गेले. कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा मुलगा अमेय हॉस्टेलवर गांजा ओढायला लागला, आणि पुढे त्याला कोणी नसताना आवाज ऐकू यायला लागले. घरी कळलं तेव्हा तो वॉर्डात होता. बरा व्हायला फार काळ गेला. आता पानिपतला हातमागाच्या एका एक्स्पोर्टरकडे चांगली नोकरी करतो, पण आमच्यासमोर यायला लाजायचा. काका दर रविवारी सांगायचे, "त्याला काम आहे." आणि पोहे डब्यात भरून न्यायचे.

दुसऱ्या दिवशी काका मेट्रोने पेज घेऊन आले. बायको गेल्यावर डब्यावर जगलेला माणूस, पहिल्या दिवशीची पेज सुरीने कापावी लागली! डबा ठेवून म्हणाले, "मेधा, तुला त्या गांजाने बरं वाटणार असेल, तर मी आड येणार नाही." त्या घरातून हे वाक्य माझ्यापर्यंत आलं. यापेक्षा मोठं मला कोणी काही दिलेलं नाही. पुढे केमो संपेपर्यंत पेज येत राहिली आणि पातळही होत गेली.

*

आता शेवटचा. आमच्या वादांना एक नियम आहे. मिसळीबरोबर पाव की ब्रेड यावरून विनय आणि नाझनीन महिनाभर बोलत नव्हते, तेव्हा काकांनी तो केला: प्रत्येकाने आपल्या खऱ्या मताच्या बरोबर उलटं बोलायचं. खरं बोलला की बाद. काका वक्ते आणि परीक्षकही. सरकारी माणूस, अ‍ॅडिशनल चार्जची सवय!

गेल्या थंडीत विषय निघाला, 'गांजा कायदेशीर करावा का?' आणि त्याच रविवारी काकांच्या मागून गच्चीवर अमेय आला. विषय बदलावा म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत होतो. काका म्हणाले, "विषय तोच."

नियमाने मी विरोधात बोलले. दुकान कॉलेजच्या कोपऱ्यावर येईल, कोवळ्या मेंदूंचं काय, वगैरे. समोर अमेय बसलेला, त्यामुळे चार वाक्यांत आटपलं. मग काका बाजूने बोलायला उठले. टॅक्स मिळेल, पोलिसांना खरी कामं करता येतील, रुग्णांना औषध मिळेल. मग म्हणाले,

"चौथा मुद्दा. गुन्हा नसता, तर माझ्या मुलाने तो माझ्यापासून लपवला नसता. वेळेवर येऊन म्हणाला असता, बाबा, मला भीती वाटतेय." आणि लगेच पुढे म्हणाले, "हा मुद्दा मला खरोखर पटतो. म्हणून नियमाप्रमाणे बाद. माझे मार्क मीच कापतो."

अमेय उठला. "मी बोलू? उलटं बोलायचा नियम बाबांनी सांगितलाय मला."

"बोल," काका म्हणाले.

"मी वॉर्डात होतो तेव्हा बाबा एकदाही आले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मला माफ केलं नाही. आणि आज मला इथे यायचंच नव्हतं."

वेळ संपली की काका स्टीलच्या ग्लासवर चमचा वाजवतात. त्यांनी चमचा उचलला. वाजवला. मग वाजवतच राहिले. शेवटी नाझनीनने हळूच त्यांच्या हातातून तो काढून घेतला, तेव्हा अमेयकडे न बघता काका म्हणाले,

"विषयांतर! शून्य मार्क!"