खुर्चीखालचं कुंकू

आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कोणावर संशय नको: ते यंत्र मी बिघडवलं. पण आमच्या व्याह्यांइतका, म्हणजे माझ्या मुलीच्या सासऱ्यांइतका, चिवट माणूस देवाने दुसरा घडवला नसेल, हे मला त्याशिवाय कळलं नसतं, हेही तितकंच खरं. आणि तेव्हा मी जेमतेम अडुसष्ट वर्षांची होते. अक्कल यायची होती.

करोनाचं पहिलं वर्ष. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला लेकीकडे माझा आणि व्याह्यांचा मुक्काम आठच दिवस एकत्र येत होता. विमानं बंद झाली आणि ते आठ दिवस काही संपेनात. विहीण-व्याह्यांनी एका छपराखाली इतके महिने बोलायचं तरी काय? नात्यानेच आमच्यात दीड मीटरचं अंतर होतं, डच सरकारने ते फक्त जाहीर केलं. लेक-जावई आपापल्या खोलीचं दार लावून मीटिंगमध्ये, मी ओट्याशी, आणि उभा जन्म वीजखात्यात काढलेले व्याही बिघाड शोधत घरभर. चालणारी वस्तू त्यांना बेचैन करायची. बेल वाजली, की दाराकडे न बघता आधी बेलकडे बघायचे. खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. एकदा टोस्टरची आतडी टेबलावर मांडलेली बघून लेक म्हणाली, "बाबा, चालत होता ना तो?" तर म्हणतात, "हो. का चालतोय, ते बघतोय." आणि सगळं क्रमाने. पोह्यांच्या बशीतसुद्धा आधी मिरच्या बाजूला, मग शेंगदाणे, मग पोहे. मी हसले, तर शांतपणे म्हणाले, "क्रमाने जावं, विहीणबाई. उडी मारली की बिघाड लपून बसतो."

शेजारी एक डच आजोबा एकटेच राहायचे. घरामागे भलंमोठं हिरवळीचं आवार, आणि ते कापायला ऐटीत बसून चालवायची गवतगाडी. व्याह्यांना डच येत नव्हतं, आजोबांना मराठी. पण कुंपणावरून दोघं तासतासभर इंजिनावर बोलायचे आणि दोघांनाही सगळं कळायचं. मग आजोबांना करोना झाला. दवाखान्यात जाताना त्यांनी शेडची किल्ली दाताळ्याच्या टोकाला अडकवून, अंतर पाळून, व्याह्यांकडे दिली. काय म्हणाले ते लेकीने मराठीत सांगितलं: "मी परत येईन तेव्हा गवत वाढलेलं नको. गवत वाढलं, की लोक म्हणतात म्हातारा गेला." व्याह्यांनी मान डोलावली. त्यानंतर दर शनिवारी ते मिरवणुकीतल्या नवरदेवासारखे ताठ बसून ते आवार कापायचे. दवाखान्यात आजोबा व्हिडिओवर बघायचे आणि एखादा कोपरा राहिला की बोट दाखवायचे.

अशात खंडेनवमी आली. घरात शस्त्र म्हणावं असं काही नाही. लेक-जावयाने लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, पण लॅपटॉपने कधी कोणाचं काही कापलंय का? मला आठवली ती गवतगाडी. खाली पाती, वर बसायला खुर्ची. शस्त्र आणि वाहन एका ठिकाणी, याहून पुण्य कुठलं? व्याही झोपले होते. मी शेड उघडलं, बागेचा पाइप लावला आणि गाडीला न्हाऊ-माखू घातलं. खुर्ची उचलून खालीसुद्धा धार मारली, कारण अर्धवट आंघोळ मला खपत नाही. मग वर आणि खुर्चीखाली ओल्या कुंकवाची पाच-पाच बोटं ओढली, शेवंतीचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला. संध्याकाळी फूल काढून वरचं कुंकू पुसलं. खुर्चीखाली कोण बघणार?

सोमवारी फोन आला, की शनिवारी आजोबा घरी येताहेत. त्यात पावसामुळे आधीचे दोन शनिवार हुकून गवत घोट्याच्या वर गेलेलं. व्याह्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण ब्रेकवरून पाय काढला की बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मला खुर्चीखाली मारलेली धार आठवली.

लेक म्हणाली, "मेकॅनिकला बोलावू या." फोन केला, तर तो पंधरा दिवसांनी येणार. व्याही म्हणाले, "शब्द मी दिलाय, मेकॅनिकने नाही." त्या दिवसापासून शेडमध्ये कोर्ट भरलं. बॅटरीला मीटर लावला: निर्दोष. फ्यूज काढून उजेडात धरला: निर्दोष. अर्थची वायर पॉलिश पेपरने घासली, ब्रेकचा स्विच तपासला. रोज एकेक आरोपी सुटत होता आणि खरी गुन्हेगार थर्मास घेऊन समोर, उलट्या बादलीवर बसलेली. "आज कुठवर आलं?" मी विचारायची. ते वायर न् वायर समजावून सांगायचे. कबुली द्यायला मी तोंड उघडायची आणि बाहेर पडायचं, "साखर पुरे ना?"

शुक्रवारी दुपारी त्यांनी खुर्ची उचलली. "इथे एक स्विच असतो," ते म्हणाले. "माणूस खुर्चीवरून पडला, तर पाती थांबावीत म्हणून. मी बसलेलो असतो, पण गाडीला वाटतं कोणीच नाही." त्यांनी जोड सोडवला. आत लाल चिखल. जुन्या टूथब्रशने घासलं, लेकीच्या हेअर ड्रायरने वाळवलं, जोडलं, बसले आणि ब्रेक सोडला. गाडी चालतच राहिली.

शनिवारी आजोबा टॅक्सीतून उतरले तेव्हा आवार सारवलेल्या अंगणासारखं सपाट होतं. निम्मे झाले होते ते. खिडकीत घोंगडी पांघरून बसले आणि बराच वेळ नुसते गवताकडे बघत राहिले. मग शेवग्याच्या शेंगेसारखं एक बोट वर केलं: कुंपणाजवळचा कोपरा राहिला होता. व्याही मुद्दामच तो ठेवून आले होते.

तो कोपरा कापून ते शेडमध्ये आले, तेव्हा मी थर्मास पुढे केला आणि एकदाचं म्हणून टाकलं, "कुंकू माझं होतं."

चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "खुर्ची मी सोमवारीच उचलली होती, विहीणबाई. आजचा शनिवार चुकू दिला नसता मी. पण मुलाची आई गेल्यापासून 'आज कुठवर आलं' असं मला कोणी विचारलं नव्हतं. आता टोस्टरची पूजा कधी करताय?"