तीन रविवार आणि सहा भाग

मुलीच्या हातात पुण्याच्या नोकरीचं पत्र पडलं, तेव्हा तिच्या जाण्याला तीन रविवार उरले होते. त्याच संध्याकाळी मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "मले तुझा तो गेम शिकव." तिनं कानावरचे हेडफोन काढले आणि बाबाला ताप तर नाही आला, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. तिचं काही चुकलं नव्हतं. नववीपासून ती हा राज्यांचा आणि लढायांचा गेम खेळते, आणि नववीपासून मी त्यावरून तिच्यावर करवादतो.

पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. मी बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात मशीनच्या देखभालीचं काम पाहतो. तिथल्या माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी वर्षभरापूर्वी बंगळुरूला गेली. आता बापलेकीचं फोनवरचं बोलणं "जेवली का", "हो", "पाऊस आहे का तिकडे", "नाही" एवढ्यात आटोपतं. डबा खाताना तो हे सहज सांगायचा आणि मला धडकी भरायची. आमची मुलगी एकदा आईला म्हणाली होती, की हा गेम दोघांना दोन गावांतून पाळीपाळीनं खेळता येतो. एकानं आपली चाल करून डाव पाठवायचा, मग दुसऱ्यानं. मी ते पेपरच्या आडून ऐकून ठेवलं होतं. ती गेल्यावर तिच्याशी बोलायला मला काहीतरी हवं होतं, आणि ते तीन रविवारांत शिकायचं होतं.

अडचण अशी, की तो एक गेम नाही. वीस-पंचवीस वर्षांत त्याचे सहा भाग निघालेत.

"चौथ्यापासून सुरू करा," ती म्हणाली. "नवीन माणसासाठी तोच बरा."

"पहिला काहून नाही?"

"बाबा, पहिला माझ्यापेक्षा म्हातारा आहे."

आता मी माणूस कसा, तर मालिकेचा एक भाग हुकला की पुढचा न पाहणारा. कारखान्यात नवं मशीन आलं, की माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानापासून वाचल्याशिवाय मी कुणाला बटणाला हात लावू देत नाही. पोरं माझ्या मागे हसतात, तेही मला ठाऊक आहे. मधूनच घुसणं मला जमत नाही. मी पहिल्या भागावर अडून बसलो आणि तिनं कपाळाला हात लावला.

पहिला रविवार त्यातच गेला. मुंगीएवढी अक्षरं, चौकोनी डोक्यांची माणसं आणि कुठलं बटण दाबलं की काय होईल याचा पत्ता नाही. माझ्या राज्यात तीनदा दुष्काळ पडला. चौथ्यांदा कळलं, की पेरणी करा असा हुकूम दर वर्षी आपणच द्यायचा असतो. तरी सांगतो, पहिल्यांदा पीक आलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातला धान्याचा आकडा वर सरकला, तेव्हा मी खुर्चीतून उठून बायकोला बोलावून आणलं. तिनं आकडा पाहिला, "छान आहे" म्हणाली आणि परत गेली. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सोमवारपासून कंपनीच्या बसमध्ये मी मोबाइलवर हेच वाचायला लागलो. कुठल्या भागापासून सुरुवात करावी यावर जगभरची माणसं हमरीतुमरीवर आलेली. एक म्हणतो, तिसराच खरा, बाकी सगळा देखावा. दुसरा म्हणतो, तिसऱ्यापासून सुरू करणारे पंधरा दिवसांत पळून जातात. पहिल्याचं नाव कुणी घेत नव्हतं. बुधवारी प्रताप नगरचा माझा स्टॉप आला तरी माझी मान खालीच होती, ड्रायव्हरनं हाक मारून उतरवलं. घरी गेल्या गेल्या मी मुलीला म्हणालो, "चौथाच घेऊ." ती हसली फक्त.

दुसऱ्या रविवारी तर्रीपोहे खाऊन आम्ही दोघं बसलो. चौथ्या भागात भारताचा नकाशा होता आणि त्यात मगध. मगध म्हणताच मी खुर्ची पुढे ओढली. माझ्या आजोबांनी छप्पन साली इथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मगधाचा तो सम्राट, जो कलिंगची लढाई जिंकून हळहळला आणि ज्यानं पुढे तलवार बाजूला ठेवली तो, आमच्या घरात फार मानाचा. मला त्याचंच राज्य चालवायचं होतं.

बायको चहा घेऊन आली. पडद्याकडे पाहून म्हणाली, "लढाईच्या आधीचा का नंतरचा?"

आम्ही दोघांनी पाहिलं. आधीचा होता. पडद्यावर पहिलंच काम लिहून आलं होतं : कलिंग जिंका.

"मी नाही करत," मी म्हणालो.

"बाबा, गेम आहे तो."

"असू दे ना. पुढे काय झालं ते माहीत असताना पुन्हा कशाले करायची लढाई?"

मी निम्मं सैन्य घरी पाठवलं. रस्ते बांधले, विहिरी खणल्या, दुतर्फा झाडं लावली, दवाखाने काढले. मुलगी शेजारी बसून ओठ दाबून पाहत होती. प्रजा इतकी खूश, की मी स्वतःवरच खूश झालो. मग पश्चिमेकडून एक राजा आला, उत्तरेकडून दुसरा आला आणि चहा निवायच्या आत पाटलीपुत्र गेलं. माझ्या झाडांच्या सावलीतून त्यांची फौज आरामात चालत आली.

मुलगी हसता हसता पलंगावर आडवी झाली. "त्यानं जिंकल्यावर लढाई सोडली बाबा. तुम्ही आधीच सोडली. असा मगध हरलेला मी आजपर्यंत पाह्यला नाही."

मला राग आला, आणि राग असतानाच हसूही आलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्यासमोर अशी हसत होती. मी लगेच म्हणालो, "पुन्हा मांड डाव." त्या दिवशी आम्ही मगध चारदा हरलो. एकदाही कलिंगावर गेलो नाही.

तिसऱ्या रविवारी दुपारी तिच्या पलंगावर बॅगा उघड्या पडल्या होत्या. मला अजून सैन्याची कवायत नीट जमत नव्हती. मी म्हटलं, "तू गेल्यावर कोणता भाग खेळायचा आपण? मी तर अजून चौथ्यातच चाचपडून राहिलो."

खुर्चीवर बसून तिनं पाचवा भाग उघडला आणि एक जुना डाव समोर आणला. अर्धा नकाशा तिच्या रंगाचा होता. शेकडो गावं, किल्ले, बंदरं, प्रत्येकाला तिनं स्वतः दिलेली नावं. "हा मी कोणालेच देत नाही," ती म्हणाली. "पण एक प्रांत तुम्हाले देते. इथून खेळू आपण."

"हा कधी सुरू केला तू?"

"अकरावीत. तुम्ही रागानं वायफाय बंद केलं होतं पाहा महिनाभर, तेव्हा. एकट्यानं खेळलं तर याले इंटरनेट लागत नाही."

मला तो महिना चांगला आठवत होता. तिची खोली अगदी शांत असायची, आणि पोरगी अभ्यास करते आहे असं मी चारचौघांत अभिमानानं सांगायचो. त्या बंद दाराच्या आत ती हे उभारत होती. पाच वर्षं मी त्या दारावरून ये-जा केली आणि आत काय चाललंय, हे एकदाही विचारलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

ती नव्या प्रांताची बटणं दाखवायला लागली. मी तिचा हात थांबवला.

"बेटा, चाली नंतर शिकव. आधी सांग, आजपर्यंत याच्यात काय काय झालं."

"पाच वर्षं आहेत बाबा. कुठून सांगू?"

"तुले आठवते तिथून."

तिनं बॅगेवरचे कपडे बाजूला सारले, पलंगावर मांडी घालून बसली आणि समुद्राकाठच्या एका छोट्या बंदरापासून सांगायला लागली.