न उघडणारी खिडकी

काचेपलीकडे कडुलिंब अंगात आल्यासारखा घुमतो आहे आणि काचेच्या अलीकडे माझ्या नातीच्या कपाळावरचा घाम सुकत नाही. सरकारी दवाखान्याची ही नवी इमारत पर्यावरणपूरक आहे म्हणे. खिडकी मात्र एकही उघडत नाही. सकाळपासून वीज गेली आहे आणि कालच जन्मलेली माझी पणती लालबुंद होऊन रडते आहे.

याच जागी जुना कौलारू दवाखाना होता. तिथे मी बाळंत झाले तेव्हा कानाला फडकं बांधून ओरडायचे, "वारा लागेल हो, खिडकी लावा!" आयाबाई खिडकी उघडायची आणि मी किंचाळायचे. केवढी मी शहाणी! तेव्हाच्या मज वेडीला कुणी नकाशा काढायला बसवलं असतं, तर मी हीच इमारत काढली असती.

तेव्हाच्या माझ्याच जातकुळीचा एक इंजिनिअर मघाशी फेरी मारून गेला.

"आजी, बंद काचेमुळे ऊर्जा वाचते."

"आणि बाळ?"

"वीज येईलच हो आता. जनरेटर ऑपरेशनच्या खोलीपुरताच आहे."

"मग तोवर तो टाय आवळून तूच इथे बस बघू."

मेला हसला आणि इमारतीचं गुळगुळीत माहितीपत्रक माझ्या हातात ठेवून गेला. पहिल्याच चित्रात निळे बाण काढलेत. खेळती हवा म्हणे!

मी ते पत्रक दुमडलं आणि पणतीला वारा घालू लागले. हळूहळू तिचं रडणं थांबलं. बाण एकदाचे कामाला लागले.