बारीक पायाचे बूट

१२ ऑगस्ट. त्या दिवशीचं काम एकच होतं, बुटांचा निकाल लावायचा.

नांदेडच्या बसस्टँडजवळ बसणारा हा चांभार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नाही. तो पायाशीच बोलतो. "लई बारीक हाय की रे बाबा तू!" हे माझ्या पायाला.

बारा वर्षं मी लोह्याच्या शाळेत शिकवायला मोटरसायकलवर जाते. बाजारात मिळणारे बूट सगळे रुंद पायांचे. जूनमध्ये सैल बूट गिअरमध्ये अडकला आणि मी पडले. आणखी एकदा पडलीस तर गाडी विकू, असं घरी ठरलंय.

"दुकानदार म्हणतो, एकावर एक दोन मोजे घाला," मी म्हणाले.

"त्यालाच घालू द्या," तो पायाकडे बघून म्हणाला.

तीनदा त्यानं आतून नमद्याचा जाड लोकरी थर लावून बूट आवळले होते. ही चौथी खेप. मला गाडीवर बसवून त्यानं गिअर टाकायला लावले. टाच बुटातून वर आलीच. त्यानं मागून बोट घातलं, ते सहज आत गेलं. मग बूट काढून घेऊन त्यानं स्वतःचीच शिवण उसवली.

"बाई, हे घालून पुन्हा पडाल. न्हाई जमलं मला."

हे तो माझ्या तोंडाकडे बघून बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चप्पल घालून लोह्याच्या एसटीत बसले.